पातळ हवेची हातगाडी

विजयदुर्गाहून बोटीत बसले तेव्हा डोक्यात राणीचा बाग होता. पण भाची शालूनं मुंबईच्या धक्क्यावरच सांगितलं, "मावशी, आधी वडाळ्याला जायचं. हवा आणायचीय."

"अगो, मुंबईत हवासुद्धा विकत?"

"पाण्यासारखी पातळ केलेली. बर्फाहून कितीतरी थंड."

तर ऐका. शालू परळला प्रयोगशाळेत कामाला. दोन रसायनं मिसळली की तिसरं होतं, पण मध्ये घडीभर एक वेगळाच पदार्थ बनतो नि मोडतो. तो तिनं गारठवून, त्याचा स्फटिक (खडीसाखरेसारखा बारीक खडा) करून धरून ठेवला होता. त्यावर क्ष-किरण सोडायचे, फिल्मवर ठिपके उमटतात, त्यांवरून आतली रचना कळते. तोवर तो या हवेनंच गार ठेवायचा; ऊब लागली की खडा गेला, आणि वर्षाची मेहनतही. नेमका त्या दिवशी हरताळ. हवा पोचवणारी मोटार बंद.

म्हणून हातगाडी केली नि वडाळ्याला हवेचा डबा भरून घेतला. गाडीवाले दगडूमामा पुढे, आम्ही मागे. डब्याच्या सैल झाकणातून पांढरा धूर येत होता. नायगावला मराठी राज्य मागणारा गिरणीवाल्यांचा मोर्चा आडवा आला.

"ओ बाई, अश्रुधूर कुणाचा नेताय?"

"अहो, नुसती हवा आहे," शालू म्हणाली.

"मग झाकण घट्ट लावा ना!"

"घट्ट लावलं तर फुटेल!"

झालं! सगळे चार पावलं मागे. दगडूमामासुद्धा.

मी अंबाड्यातलं शेवंतीचं फूल काढलं. "शालू, बुडव हे." तिनं चिमट्यानं बुडवून काढलं, गाडीवर आपटलं. पापडासारखा चुरा! एकच हशा!

"आज्जी, गिरणीत पाठवा हो थोडी, उकडून मरतो आम्ही!"

"आधी हिचा खडा वाचवा, मेल्यांनो!"

मग काय, "झालाच पाहिजे" म्हणत त्यांनीच गाडी परळपर्यंत लोटली. डब्यात तळाशी थोडी उरलेली. शालूनं ती यंत्रात ओतली, भिंगातून पाहिलं. मी मागून डोकावले.

"आहे गं मावशी. आहे!"

आठ दिवसांनी परतीच्या बोटीत शेजारणीनं विचारलं, "राणीचा बाग पाहिलात?"

तो राहिलाच की! मी शालूनं दिलेली फिल्मची प्रत काढली. नुसते काळे ठिपके. आपण मेलं रांधून झालेलंच बघतो, ही पोर मधलं बघते, आणि त्यासाठी अख्खा मोर्चा आपली वाट सोडतो. त्यांचं मागणं अजून मधेच लटकलेलं होतं, तरी.

"हे काय हो?" शेजारणीनं फिल्म उलटीसुलटी केली.

"सांगते," म्हटलं, "विजयदुर्ग यायला अवकाश आहे."