चौथं अक्षर

गॅरेजमध्ये त्याला सगळे ओळंबा म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. भिंत सरळ उठतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. हे नाव फोरमनने ठेवलं आणि उगाच ठेवलं नाही. या गृहस्थाला जगातलं काहीही वाकडं सहन होत नसे. अंगात ताप असला तरी दवाखान्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करी आणि मग डॉक्टरांना जीभ दाखवी. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण बायकोच्या भांगाबद्दल एक वाक्य बोलल्याशिवाय तो सकाळी उंबरा ओलांडत नसे, आणि बायकोही भांग मुद्दाम तिरका पाडल्याशिवाय आरशासमोरून उठत नसे. संसार टिकायला काहीतरी लागतंच.

हाताला मात्र तोड नव्हती. गाडीच्या पाठीवर कंपनीची जी अक्षरं असतात, ती उन्हाने विटली, त्यांचा रंग उडाला, की लोक गाडी त्याच्याकडे आणत. हेअर ड्रायरने अक्षर गरम करायचं, त्याच्या मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढायचा, सुटलं की धुवायचं, खाचेत बारीक ब्रशने रंग भरायचा. तो अर्धवट सुकला की बोटाला फडकं गुंडाळून वर सांडलेला रंग एकाच फटक्यात पुसायचा. दुसरा फटका मारला की खाचेतलाही रंग निघून येतो. आपल्याला दुसरा फटका कधी लागला नाही, असं तो सांगे. फोरमन त्यावर गप्प बसे, म्हणजे खरं असावं.

अशा माणसाकडे एके सकाळी सिस्टर आल्या. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. यजमान जाऊन वर्ष झालं होतं. मागे राहिली ती एक छोटी निळी गाडी. तिच्या पाठीवरची सहाही अक्षरं पांढरीफटक पडली होती.

"नुसता रंग भरा हो भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "गाडी आजारी दिसते."

ओळंब्याने वाकून पाहिलं. चौथं अक्षर वाकडं होतं. मान टाकून, जरासं घसरून बसलेलं. कुणा अडाण्याचं काम असणार! न सांगता सरळ करून देऊ, बाई खूश होतील, असं त्याने मनात ठरवलं. परोपकाराची खोड लागलेला माणूस आधी विचारत नाही, हीच त्यातली मेख आहे.

अक्षरं काढण्यापूर्वी त्याने पाचांच्या जागा मोजून लिहिल्या. चौथ्याची नाही. चुकीचं माप कशाला घ्यायचं? अक्षरं निघाल्यावर पत्र्यावर त्यांच्या सावल्या उरतात, त्याही त्याने पॉलिश घासून साफ केल्या. संध्याकाळी सहा अक्षरं लालबुंद होऊन शाळेच्या रांगेत उभी राहावीत तशी उभी होती. ओळंबा हात बांधून बाजूला थांबला. कौतुकाची वाट बघताना तो नेहमी हात बांधी.

सिस्टरांनी गाडीमागे येऊन वाकून पाहिलं. "भाऊ, ही माझी गाडी नाही."

"नंबर बघा ना सिस्टर."

"नंबर राहू द्या. माझं वाकडं अक्षर कुठाय?"

मग सगळं बाहेर आलं. बारा वर्षांपूर्वी ते अक्षर गळून पडलं, तेव्हा यजमानांनी ते स्वतः चिकटवलं होतं. पार्किंगमध्ये अंधार, सिस्टरांच्या हातात टॉर्च. अक्षर टेकवायला आणि सिस्टरांना शिंक यायला एकच गाठ पडली.

"तुझ्या शिंकेने वाकडं झालं, असं हे म्हणायचे," सिस्टर सांगत होत्या. "मी म्हणायचे, तुम्हाला नीट धरता येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं! गाडीत बसताना रोज एकदा व्हायचंच. आता हे नाहीत. भांडायला तेवढं अक्षर होतं, भाऊ."

ओळंब्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं सरळ काम चुकलं होतं, आणि अक्षराची जुनी जागा दाखवणारी खूणही त्यानेच पुसून टाकली होती. त्याने अक्षर काढलं, नवी चिकटपट्टी लावली आणि कोनमापक घेऊन बसला.

"किती अंशात होतं?"

"अहो, ताप आहे का तो, अंशात सांगायला?"

त्याने तीनदा लावून दाखवलं. तिन्ही वेळा सिस्टरांनी मान हलवली. "हे वाकडं नाही झालं. हे तुम्ही वाकडं ठेवलंय."

त्या रात्री तो जेवला नाही. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या हातून वाकडं व्हायचं नाही. मी एकतीस वर्षं बघतेय. जसं तेव्हा झालं तसंच आता करा. शिंकेसकट."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गॅरेजमध्ये टॉर्च पेटला. तो धरून सिस्टर उभ्या. अक्षर घेऊन ओळंबा गुडघ्यावर. फोरमनने स्वतःची तपकिरीची डबी सिस्टरांच्या नाकाखाली धरली. पहिली शिंक अशी आली की कोपऱ्यातला मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला. दुसरी त्याहून मोठी. ओळंब्याचा हात तसूभर हलला नाही. तिसऱ्या शिंकेला अक्षर पुन्हा ओळीत जाऊन बसलं, शहाण्या मुलासारखं.

ओळंबा उठला. आपली अक्षरं त्याने आजवर कुणाला हात लावू दिली नव्हती, फोरमनलासुद्धा नाही. त्याने ते अक्षर खरवडून काढलं, पट्टी बदलली आणि सिस्टरांच्या हातावर ठेवलं.

"तुम्ही लावा. टॉर्च मी धरतो."

सिस्टर गुडघ्यावर बसल्या. त्यांनी अक्षर पत्र्याजवळ नेलं, नेमकं तेव्हाच फोरमनने डबीचं झाकण खाडकन लावलं, आणि उडालेली सगळी तपकीर ओळंब्याच्या नाकात गेली. तो असा शिंकला की टॉर्चचा उजेड छतावर गेला. सिस्टर दचकल्या. अक्षर बसलं ते मान टाकून, जरासं घसरून.

"तुमच्या शिंकेने वाकडं झालं!" सिस्टर ओरडल्या.

आणि मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

"म्हणजे हे खरंच बोलत होते," त्या हळूच म्हणाल्या. "शिंकेनेच झालं होतं. आणि मी अकरा वर्षं त्यांना..." त्या तिथेच फरशीवर बसून त्या अक्षराकडे बघत राहिल्या.

ओळंब्याला गलबलून आलं. वाकड्या अक्षराकडे जाणारे दोन्ही हात त्याने खिशात कोंबले, घसा खाकरला, आणि जन्मात पहिल्यांदा वाकड्यात शिरला.

"छे हो सिस्टर! शिंकेने काय होतंय? आत्ता तीनदा बघितलंत ना? तुम्हाला नीट धरताच आलं नाही."

सिस्टरांनी डोळे पुसले. "काय म्हणालात?"

"नाचता येईना अंगण वाकडं."

"अहो, टॉर्च छताला लावून शिंकलात आणि वर मलाच? फोरमन, तुम्ही सांगा!"

फोरमन शहाणा, तो चहा सांगायला निघून गेला. सिस्टर तरातरा गाडीत बसल्या, दार आपटलं, गाडी सुरू केली. फाटकापर्यंत जाऊन गाडी थांबली. काच खाली आली.

"तुमचीच शिंक!" सिस्टरांनी डोकं बाहेर काढून बजावलं, आणि हसत हसत निघून गेल्या.