भावाच्या फोटोतलं पुस्तक

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. हे कोणाला वाचायला देणार नाही, तरी मागते. चौथीनंतर मी कधी सलग दोन पानं लिहिलेली नाहीत. किराण्याची यादी लिहिते, गॅसवाल्याला चिठ्ठी लिहिते, तेवढंच. पण ही गोष्ट तोंडाने सांगायला गेले की माझा आवाज बसतो आणि समोरचा दुसरंच काही बोलायला लागतो. म्हणून लिहिते.

लहानपणी आम्ही ठाण्यात कोपरीला चाळीत राहायचो. चाळीच्या टोकाला पत्र्याचं विहार होतं. जयंतीला तिथे स्टेज बांधायचे आणि वस्तीतल्या ज्या मुलांचा शाळेत पहिला नंबर आला असेल त्यांना मंडळाकडून पुस्तक द्यायचे. तिसरीत माझा पहिला नंबर आला होता. बक्षीस मिळालं तेव्हा मी चौथीत होते. लाऊडस्पीकरवर माझं नाव पुकारलं. एवढी माणसं. मी पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसले. दुसऱ्यांदा नाव पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. मग बाबाच स्टेजवर गेले. धाकटा भाऊ त्यांच्या कडेवर होता, चार वर्षांचा. पाहुण्यांनी हसत हसत पुस्तक त्याच्याच हातात दिलं आणि मंडळाच्या फोटोवाल्याने फोटो काढला.

खाली आल्यावर बाबांनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "घे तुझं. पुढच्या वर्षी स्वतः जायचं," म्हणाले. आत मंडळाचा शिक्का होता. नावाची जागा रिकामीच होती. सेक्रेटरी म्हणाले होते, नंतर लिहून देतो. ते राहिलंच.

पुढचं वर्ष काही आलं नाही. त्या जूनमध्ये आई बिस्किटाच्या कंपनीत पॅकिंगला लागली आणि भावाला सांभाळायला घरात कोणी नव्हतं. बाबा म्हणाले, "एक वर्ष थांब." हेच बाबा दर रविवारी विहारात उभे राहून सांगायचे की पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा. लोक माना डोलवायचे. मी मागे भावाला मांडीवर घेऊन बसलेली असायचे.

पुस्तकातली गोष्ट अशी. एका गावाची झोप चोरीला जाते. माणसं, गुरं, कोंबड्या, कोणालाच झोप येत नाही. मग एक मुलगी मडकं घेऊन विहिरीत उतरते. विहिरीच्या तळाशी दुसरा देश असतो. दारावर एक खेकडा बसलेला असतो, कायम वैतागलेला. ती सगळ्यांची झोप मडक्यात भरून आणते, घरोघरी वाटते, आणि तिच्या वाटणीची उरतच नाही. तेव्हा तो खेकडा वर येतो आणि आपली अर्धी झोप तिला देतो. मुलगी एकटी जाते आणि एकटी येते. हे मला पक्कं माहीत आहे, कारण भावाला भरवताना, झोपवताना, तो आजारी असताना, मी ते पुस्तक इतक्यांदा वाचलं की पानं न बघता सांगायचे. खेकड्याचा आवाज मी नाकातून काढायचे. भाऊ म्हणायचा, "ताई, खेकडा कर ना, खेकडा." त्याची पहिली अक्षरं त्याच पुस्तकावर गिरवून झाली. त्याचं बोट माझ्या हातात असायचं.

पुढे तो शिकला. ठाण्यात एका ऑफिसात साहेब झाला. लग्नानंतर मोठ्या सोसायटीत राहायला गेला. बाबांच्या मागे त्यांची ट्रंक त्याच्याकडे गेली, त्यात ते पुस्तक आणि तो फोटोही गेला. मी काही बोलले नाही. मी डोंबिवलीला, कोपरला. नवरा गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आसपासच्या घरांत चपात्या करून देते. मुलगी कल्याणला कपड्यांच्या दुकानात कामाला आहे.

यंदा त्या पुस्तकावर पिक्चर आला. पोस्टरवर खेकडा बघून मी रस्त्यात उभीच राहिले. त्याच आठवड्यात भावाने घरच्या ग्रुपवर तो फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "माझ्या आयुष्यातलं पहिलं बक्षीस. वय वर्षे चार. आज याच पुस्तकाचा चित्रपट येतोय, मन भरून आलं."

लगेच सगळ्या नातेवाईकांच्या टाळ्या सुरू झाल्या. कोणी लिहिलं, साहेब जन्मापासूनच हुशार. कोणी लिहिलं, बाळाचे पाय पाळण्यात.

मुलीने फोन माझ्यासमोर धरला. "आई, हे तुझं पुस्तक ना? पिंपामागे लपलेलीस ते?"

"हो."

"मग लिही ना मामाला. दे, मी लिहिते."

"काही नको. चारचौघांत कशाला?"

"चारचौघांत त्याने टाकलंय, तू नाही."

तरी मी तिला लिहू दिलं नाही. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या तर आपणच नाही असं दिसू नये म्हणून मी पण टाळ्यांचं चित्र पाठवलं. मुलगी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मग वहिनीचा फोन आला. "ताई, रविवारी सगळे पिक्चरला चाललोय. आमच्या सोसायटीतली पण येतायत. तुमचं तिकीट काढलंय हां."

खरं सांगते, मला आनंद झाला. मला वाटलं, त्याला आठवलं असेल. तिथे सगळ्यांसमोर तो म्हणेल, हे पुस्तक आमच्या ताईचं. एवढं एकच वाक्य. मी ठेवणीतली साडी काढली आणि गेले.

मॉलमध्ये त्यांच्या शेजारच्या बाई भेटल्या. "ही माझी मोठी बहीण," भाऊ म्हणाला. बाईंनी चांगुलपणाने विचारलं, "तुम्ही पण वाचलंय का हो पुस्तक?" मी तोंड उघडायच्या आत वहिनी बोलली, "ताईंचं चौथीपर्यंतच झालंय ना." तिने मला अडचणीतून वाचवलं, असं तिला वाटलं असावं. बाई "अच्छा" म्हणाल्या आणि पॉपकॉर्नच्या रांगेकडे बघायला लागल्या.

पिक्चर सुरू झाला. खेकडा कॉम्प्युटरवर केलेला, गुलाबी, तो नाचतच आला. पोरं हसली. ते एक वेळ चाललं असतं. पण मुलगी विहिरीपाशी येते तर तिच्यासोबत तिचा भाऊ. दोरी तो बांधतो, खेकड्याशी तो बोलतो. मुलगी अंधारात घाबरून रडत बसते आणि तो तिच्या हातातून मडकं घेतो. थिएटरात शिट्ट्या वाजल्या. मी बाजूला बघितलं, आमचा भाऊ टाळ्या वाजवत होता. त्याचे डोळे भरले होते.

मध्यंतरात भाची म्हणाली, "आत्या, कसला बोअर आहे ना! खेकडा तर फुल टू कार्टून. पुस्तकात पण असंच आहे?"

"नाही गं. पुस्तकात तिला भाऊच नाही. ती एकटी जाते."

"पप्पा! आत्या म्हणते पुस्तकात भाऊ नाहीये."

"आहे गं," तो म्हणाला. "ताई, तू विसरलीस. एवढीशी पोरगी एकटी विहिरीत कशी उतरेल? मला चांगलं आठवतं."

पॉपकॉर्नचा डबा त्याने माझ्या मांडीवर ठेवला होता. तो मी भाचीकडे सरकवला.

सुटल्यावर सगळे खाली कॉफी प्यायला बसलो. शेजारच्या बाईंनी त्या फोटोचा विषय काढला. भाऊ रंगात आला. "चार वर्षांचा होतो मी. एवढी गर्दी, पण जराही घाबरलो नाही. सरळ हात पुढे केला."

"नाव माझं पुकारलं होतं," मी म्हणाले.

माझा आवाज इतका लहान निघाला की भाचीने विचारलं, "काय आत्या?"

"बक्षीस माझं होतं. तिसरीत पहिला नंबर आला होता. नाव माझं पुकारलं होतं."

भाऊ हसला. वाईट नाही हसला, लाडाने हसला. "अगं ताई, मग फोटोत तू कुठेयस?" सगळे हसले. "तू तर पाण्याच्या पिंपामागे लपलेलीस. आई नेहमी सांगायची ना! ज्याचं बक्षीस असतं तो लपतो का कधी?"

सगळे पुन्हा हसले. पिंप त्याला माहीत होतं. आई ते सांगायची तेव्हा नाव कोणाचं पुकारलं तेही सांगायची. त्याने पिंप तेवढं ठेवलं होतं.

वहिनी म्हणाली, "जाऊ द्या ना ताई. एका घरातलं पुस्तक, तुमचं काय आणि ह्यांचं काय."

निघताना सोसायटीवाल्यांचा हिशोब झाला, प्रत्येकाने वहिनीला फोनवरून पैसे पाठवले. मी पर्स उघडली तशी वहिनीने माझा हात धरला. "तुमचं नको हां ताई. तुम्हाला ह्यांनी दाखवलाय पिक्चर."

ते वाक्य मी घरापर्यंत घेऊन आले. तुम्हाला ह्यांनी दाखवलाय. उद्या तो चार लोकांत सांगणार, ताईलाही नेलं होतं बिचारीला. माझं पुस्तक, आणि ते मला त्याच्या पैशाने दाखवलेलं. बाकी काही माझ्या हातात नव्हतं, एवढं तरी मी होऊ देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. तिने कपाटातून पुस्तक काढून बघितलं होतं. "आत्या, तू बरोबर होतीस. भाऊ नाहीचे. एकटीच जाते ती."

"पप्पांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. म्हणाले, मग पिक्चरवाल्यांनी सुधारलंय."

मी तिला तिकीट केवढ्याचं होतं ते विचारलं. पॉपकॉर्न, कॉफी, तेही विचारलं. ती म्हणाली, "कशाला गं?" पण सांगितलं. ऐकून मला घाम आला. अर्धे जमले ते मुलीच्या फोनवरून वहिनीला पाठवले. तिने लगेच परत पाठवले, सोबत हसरं तोंड. "ताई, काय हे! परक्या आहात का?"

म्हणून मी थांबले. महिना संपल्यावर घराघरांतून चपात्यांचे पैसे आले तेव्हा पूर्ण रक्कम वेगळी बांधली आणि शनिवारी ठाण्याला गेले. भावानेच दार उघडलं.

"अरे वा, ताई! न सांगता?"

मी पैसे पुढे केले. "हे पिक्चरचे."

"वेडी आहेस का? बहिणीकडून तिकिटाचे पैसे घेऊ?"

"घे."

त्याने पैसे हातात घेतले. "तुला त्या फोटोचा राग आलाय का? काढून टाकू ग्रुपवरून?"

मी वाट बघितली. पुढे काहीतरी बोलेल असं वाटलं.

"नको काढू," मी म्हणाले. "बाबा छान दिसतात त्यात."

तेवढ्यात वहिनी आतून पुस्तक घेऊन आली. त्याला नवीन प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं. "ताई, आमची मुलगी म्हणत होती तुम्हाला फार आवडतं. न्या ना वाचायला. फक्त वाचून झालं की आठवणीने परत आणा हां, ह्यांचा जीव आहे त्यात."

मी हात मागे घेतला. चहा नको म्हटलं, वहिनी तरी करायला आत गेली.

भावाने पैसे तसेच टीव्हीशेजारी ठेवले.

"मोज," मी म्हणाले.

"अगं, राहू दे ना."

"नाही. मोज."

त्याने मोजले. पूर्ण होते.