सोमवारच्या गोळ्या

मायच्या पोटात जळजळ व्हायची, ती ओवा चावायची आणि आम्ही म्हणायचो, पित्त आहे. वर्षानुवर्षं हेच. शेवटी लातूरला दुर्बीण घालून जठरातला तुकडा तपासला. डॉक्टर म्हणाले, लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सरच.

त्यांनी कागदावर जठर काढून समजावलं. आत कधीपासून जंतू ठाण मांडून बसलेत. त्यांच्याशी लढायला शरीरानं पेशी धाडल्या, लढाई संपेचना, आणि त्यातल्याच काही बिघडून वाढत सुटल्या. जंतू कितीतरी जणांच्या पोटात असतात, असं होतं फार थोड्यांना.

"सुरुवात आहे. आधी जंतू मारू. ते मेले तर गाठ बऱ्याचदा जिरते. पण चौदा दिवस एकही गोळी चुकवायची नाही."

उदगीरला घरी आल्यावर मी शहाण्यासारखं प्रत्येक पाकिटावर ठळक लिहिलं: सकाळी जेवणानंतर, रात्री जेवणानंतर.

पुढच्या तपासणीत जंतू तसेच, गाठही तशीच. घरी येऊन पाहतो तर भिंतीतल्या देवळीत गोळ्या शिल्लक! माझं डोकंच फिरलं. "माय, जीव नकोसा झालाय का तुला?"

ती म्हणाली, "दोन सोमवार आले न्हाईत का मधी? मी जेवतच न्हाई, तर जेवणानंतर कवा घेऊ? तूच लिवलंस की."

मायचा सोमवार कडक. दिवसभर नुसतं पाणी, उपवास सुटायचा तो मंगळवारी सकाळी. लहानपणापासून बघतोय मी. तरी लिहिताना आठवलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टरांनी औषधं बदलून पुन्हा चौदा दिवस दिले. पहिल्या सोमवारी मी तिला भाकर वाढली. ती ताटाकडे नुसती बघत बसली.

"जेव. तुझा सोमवार आजपासून मी धरतो."

तिनं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं. "महादेवा, मोडला न्हाई बरं का. लेकाला दिला." मग रडत रडत जेवली आणि गोळ्या घेतल्या.

या खेपेला जंतू गेले. गाठ हळूहळू उतरली. तपासण्या मात्र चालूच राहणार आहेत.

आता माय दर रविवारी म्हणते, "लई झालं. दे माझा सोमवार परत."

मी देत नाही; माझ्या चुकीचं प्रायश्चित्त म्हणून मीच धरतो. माझ्या एका ओळीपायी ती गेली असती, हे तिला कधीच खरं वाटत नाही.