इंदूला कळणारे शब्द

लग्न होऊन इंदू ग्वाल्हेरहून झाशीत आली, तेव्हा भट्टीतलं तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तिच्या वडिलांनी लोहारकी सोडून रेल्वेत कारकुनी धरलेली. नवरा रत्नाकर मात्र दतिया गेटपाशी बापजाद्यांची भट्टी चालवत होता. त्याच्या घरातलं मराठी निम्मंअर्धं हिंदी झालेलं, पण ऐरणीपुढे आजोबांचेच शब्द चालत.

घण मारणारा गडी काम सोडून गेला आणि रत्नाकरने घण इंदूच्या हातात दिला. शिकवलं काही नाही. पहिल्याच दिवशी तो ओरडला, "पाणी पाज!" तिने तांब्या भरून त्याच्या ओठाशी नेला. गिऱ्हाइकं खो खो हसली. पाणी पाजायचं ते लाल पात्याला, पोलाद कडक व्हावं म्हणून.

"अक्कल गहाण ठेवून आलीस काय?" तो सगळ्यांदेखत खेकसला.

मग ती शिकली. "मार." "बस." "ताव गेला!" ताव म्हणजे लोखंडाची लाली, ती आहे तोवरच घाव घालायचा. याखेरीज नवरा तिच्याशी फारसं बोललाच नाही.

एका दुपारी तिच्या भावाचा, कौशिकचा, फोन आला. बाबांचं काही खरं नाही, लगेच निघ. ऐरणीवर कुदळ होती, शेतकरी दारात बसलेला.

"एवढं उरकू दे," रत्नाकर म्हणाला. "ताव जाईल."

एक कुदळ संपली, दुसरी निघाली. इंदू ग्वाल्हेरला पोचली तेव्हा बाबांच्या जागी पणती तेवत होती.

गेल्या हिवाळ्यात रत्नाकरला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उरले ते फक्त भट्टीतले शब्द. सवयीचं बोलणं असं कधी कधी राहतं, असं डॉक्टर म्हणाले. भूक लागली तरी "मार", कूस बदलायची तरी "पाणी पाज". मुलगा आशुतोष पेला घेऊन धावे आणि म्हातारा तो भिरकावून देई. इंदूला मात्र नुसत्या स्वरावरून कळे. घण मारताना तिने इतकी वर्षं स्वरच तर ऐकला होता.

"आई, तूच बस ना बाबूजींजवळ. मला काही समजत नाही," असं म्हणून आशुतोष कारखान्यात निघून जाई. शेजारच्या उषाजी कौतुक करत, "भाभीजी, इसको कहते हैं प्यार." इंदूच्या डोक्यात तिडीक जाई.

एकदा वरणभात भरवताना तिचा हात थांबला.

"त्या दिवशी तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत," ती म्हणाली. "बाबा माझं नाव घेत गेले हो. कुदळीपायी."

रत्नाकर बघत राहिला. डोळ्यांतून पाणी ओघळलं. पण झटक्यापासून ते तसंही ओघळायचंच.

"मार," तो हळूच म्हणाला.

त्याचे सगळे स्वर तिला पाठ होते. हा तिने कधीच ऐकला नव्हता.

"म्हणजे काय?" तिने त्याचा खांदा धरला. "काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मार. मार."

तिने वाट पाहिली. मग त्याचं तोंड पुसलं आणि ताट उचललं.

संध्याकाळी आशुतोषने विचारलं, "बाबूजी काही बोलले?"

"नाही. त्यांच्यासाठी माणूस बघ. मी कौशिककडे जातेय."

"कधीपर्यंत?"

"ठरवलेलं नाही," म्हणत इंदू बॅग भरायला आत गेली.