श्रावणजींनी ठोकलेलं पितळ

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. लाखांदूरला जनावरांचा डॉक्टर म्हणून मी नव्याने रुजू झालो होतो आणि गावोगाव फिरायला एक जुनी, सेकंडहँड मोटारसायकल घेतली होती. गाडी दणकट... पण हँडल असं थरथरायचं की वीस-पंचवीस किलोमीटरवर बोटं बधिर व्हायची.

एकदा एका गावात म्हैस अडली होती. पोहोचलो, हात आत घातला आणि बोटांना काहीच कळेना. पाय कुठला, मान कुठली... काहीच नाही. बोटांत जीव येईपर्यंत थांबलो. म्हैस वाचली, पण रेडकू गेलं.

मला कुणी बोल लावला नाही. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग सुरू झाले प्रयोग. जाड हातमोजे घातले, हँडलला सायकलची ट्यूब गुंडाळली. त्याने मूठ आणखी आवळावी लागायची आणि हात जास्तच भरून यायचे. मेकॅनिकने सगळे नटबोल्ट कसून दिले आणि म्हणाला, "साहेब, इंजिन हाय, हालनच. हालनं बंद झालं का मंग आनजा."

पुढच्या महिन्यात भंडाऱ्याला मीटिंग होती. बायकोने पाणी भरायला पितळी गुंड आणायला सांगितलं होतं, म्हणून भांड्यांच्या दुकानात गेलो. तिथले म्हातारे कारागीर श्रावणजी यांनी चहा दिला. तो माझ्या हातातून बशीत सांडत होता.

"हात काहून थरथरून राहिले जी?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं... रेडकाचंसुद्धा.

ते उठून बाहेर आले. मला गाडी सुरू करायला लावली आणि हँडलच्या टोकावर तळवा ठेवून थोडा वेळ नुसते उभे राहिले.

"हा नळा पोकळ हाय. पोकळ भांडं झनझनते, जड भांडं बसून राह्यते. याचे टोकं जड करून पाहू."

मला काही फार पटलं नाही. पण म्हटलं, बघू तर खरं...

त्यांनी खरादीवर, म्हणजे लेथवर, भरीव पितळेचे दोन ठोकळे गोल करून घेतले. प्रत्येकाला मधोमध चीर पाडली आणि आत स्क्रू बसवला, म्हणजे स्क्रू आवळला की ठोकळा नळीत फुगून घट्ट बसेल. मुठींच्या रबराची बंद टोकं कापली, ठोकळे हलक्या हाताने आत ठोकले, स्क्रू आवळले आणि ॲक्सिलरेटर कुठे अडत नाही ना, हे स्वतः चार वेळा फिरवून पाहिलं.

निघालो. वाटेतली पवनी आली... बोटं जागेवर! थरथर पार गेली नव्हती, पण मुंग्या नव्हत्या. मी वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. आनंदाच्या भरात लाखांदूर मागे टाकून तीन-चार किलोमीटर पुढे गेलो, मागे बायकोचा गुंड बांधलेला तसाच.

आठवडाभरातच सकाळी निरोप आला. जनाबाई नावाच्या एकट्या राहणाऱ्या बाईंची म्हैस अडली होती. तिच्या दुधावरच त्यांचं घर चालायचं. रस्ता त्या पहिल्या गावासारखाच खडबडीत, अंतरही तेवढंच.

हात धुऊन आत घातला. खूर लागला. दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागे गेला होता... आणि तो मुडपलेला गुडघा माझ्या बोटांना स्वच्छ कळला!

"पाय भेटला का जी?" जनाबाईंनी हळूच विचारलं.

"भेटला."

पाय सरळ केला, ओढलं. अर्ध्या तासात रेडी बाहेर आली आणि शिंकली. जनाबाई पदराने तिचं नाक पुसत राहिल्या.

पुढच्या खेपेला श्रावणजींना हे सांगायला गेलो. ऐकून ते हसले. "मी त भांडेवाला मानूस. आजवर फटफटीवर बसलो बी नाही."

मग त्यांना मागे बसवलं आणि वैनगंगेच्या पुलापर्यंत चक्कर मारून आणली. परत येईपर्यंत त्यांनी माझा खांदा गच्च धरला होता, आणि उतरल्यावर म्हणाले, "अजून एक चक्कर होते का?"

पुढे वीस वर्षं मी त्या भागात हिंडलो, कितीतरी वासरं-रेडकं या हातांनी बाहेर काढली. त्यातलं निम्मं श्रेय त्या माणसाचं आहे, हे आज सगळ्यांसमोर सांगून टाकावंसं वाटलं...