अंगावर काढलेला ताप

माझी सून रक्त काढते. लॅबोरेटरीत येणाऱ्याच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, सुई घालायची आणि नळी भरायची, हे तिचं काम. आमच्या गल्लीतले टेलरमास्तर मला म्हणतात, "सुना सासऱ्याचं रक्त पितात असं ऐकलं होतं. तुमची तर नळीत भरून वर नाव चिकटवून ठेवते." मी नुसता हसतो. उत्तर सुचतं ते घरी पोचल्यावर. लिहिण्याचंही माझं तसंच आहे. पण तिच्याबद्दल कोणीतरी लिहून ठेवावं असं या दिवसांत फार वाटलं आणि दुसरं कोणी लिहिणारं दिसेना.

टोचण्याआधी ती प्रत्येकाला म्हणते, "मुंगी चावेल हं." त्यामुळे लहानमोठे सगळे तिला मुंगीताई म्हणतात. एका जाड्या गृहस्थांनी मुंगी नव्हती, मुंगळा होता अशी मॅडमकडे तक्रार केली होती, ती हकिकत ती अजून रंगवून सांगते. मॅडम म्हणजे लॅबोरेटरीच्या मालक, डॉक्टर.

लॅबोरेटरी जुन्या टायरच्या दुकानावर आहे. दुकानाबाहेर टायरची चळत आणि प्रत्येक टायरात थोडं साचलेलं पाणी. तिनं दुकानदाराला गोडीनं सांगून पाहिलं, मग भांडून पाहिलं. त्यानं वर ताडपत्री टाकली, तर ताडपत्रीच्या घड्यांत पाणी साचायला लागलं. "खाली डास तयार होतात आणि वर त्यांचा हिशेब लागतो," हेही टेलरमास्तरांचंच. वर दोन खोल्या. बाहेर खुर्च्या आणि काउंटर. आत फ्रिज, रक्त गरगर फिरवून त्यातलं पाणी वेगळं करणारं यंत्र आणि पेशी मोजणारं मशीन. हे मशीन आकडे छापताना कण्हल्यासारखा आवाज करतं.

डेंग्यूची तपासणी कशी करतात ते मला तिनं जेवताजेवता सांगितलं होतं. बोटभर लांबीचं प्लास्टिकचं कार्ड असतं, त्यावर रक्तातल्या पाण्याचे थेंब टाकायचे. ठरलेल्या जागी रेघ उमटली तर डेंग्यू. पण कार्डं दोन प्रकारची. ताप नवा असेल तर एक, जुना झाला असेल तर दुसरं. नव्या तापाचं कार्ड जुन्या तापाला लावलं तर रेघ उमटेलच असं नाही, आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. साथीच्या दिवसांत कार्डं पुरत नाहीत, म्हणून माणसाला विचारून दोन्हींतलं एकच वापरायचं. सगळी भिस्त त्या विचारण्यावर.

आणि माणसं नीट सांगत नाहीत. खोटं बोलतात असं नाही. टेलरमास्तरच यंदा साथीच्या सुरुवातीला थरथरत आले आणि ताप कालपासून आहे म्हणाले. तिनं विचारलं, "मास्तर, तोंडाला चव शेवटची कधी होती?" मास्तर विचारात पडले. मग हळूहळू निघालं की शाळेचे गणवेश शिवून द्यायचे होते, म्हणून गोळ्या खाऊन जवळजवळ आठवडाभर मशीनवर बसले होते. तो ताप त्यांनी मोजलाच नव्हता. तो त्यांनी अंगावर काढला होता.

"अंगावर काढलेले दिवसही तापाचेच असतात," ती मला त्या रात्री म्हणाली. "लोकांना वाटतं, अंथरूण धरलं की ताप सुरू होतो." मास्तरांची रेघ दुसऱ्या प्रकारच्या कार्डावर उमटली होती. तेव्हापासून ती प्रत्येकाला चवीचंच विचारते.

यंदा साथ जोरात आली. तिच्याबरोबर रक्त काढणारी दुसरी मुलगी स्वतःच आजारी पडून गावी गेली. माझा मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, तो महिनाभरासाठी बाहेर होता. घरात आम्ही दोघंच. ती पहाटे जायची आणि दिवे लागल्यावर यायची, म्हणून स्वयंपाक मी हातात घेतला. माझ्या हातच्या जेवणाला ती सहसा नावं ठेवल्याशिवाय जेवत नाही. "बाबा, पोळी फार कष्टाळू झालीय," म्हणते.

एका संध्याकाळी माझ्याकडून भाजीत मीठ दोनदा पडलं. पहिला घास घेतला आणि माझे डोळे बारीक झाले. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे जेवत होती. सगळी भाजी संपवली, ताट उचललं, झोपायला गेली. मला भरून आलं. पोरगी दिवसभर राबून येते आणि म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून एक शब्द बोलत नाही, असं मला वाटलं. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं ऐकली होती, पण इतकं मीठ खाऊन गप्प राहणारी पहिलीच पाहिली.

त्यानंतर काही दिवसांनी ती भर दुपारी घरी आली आणि पायातली चप्पलही न काढता आडवी झाली. अंग तव्यासारखं तापलं होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिचं रक्त घेतलं. पेशी किंचित कमी होत्या, नव्या तापाच्या कार्डावर रेघ नव्हती. मॅडमनी उद्या पुन्हा पेशी बघू असं बजावलं होतं म्हणे, पण उद्या उजाडला तो रांग जिन्यापर्यंत घेऊनच. ती कामावर गेली. त्याच्या पुढच्या सकाळी ताप उतरला होता.

"बघा, रिपोर्टही निगेटिव्ह आणि तापही गेला," ती म्हणाली. पण चहाला हात लावला नाही. पोटाशी हात धरून चपला घातल्या. पित्त झालंय म्हणाली.

ती गेली आणि मी भांडी घासायला बसलो. मन लागेना. ताप उतरला की लोकांना वाटतं सुटलो, पण डेंग्यूचं खरं भय तिथूनच असतं, हेही तिनंच सांगितलं होतं. पण रिपोर्ट तर निगेटिव्ह होता. मी कोण शंका घेणारा? भाजीच्या पातेल्याशी हात आला तेव्हा मला ते खारट जेवण आठवलं आणि पाणी तसंच वाहत राहिलं. तिनं माझं मन राखलं नव्हतं. तिला मीठ लागलंच नव्हतं.

मी लॅबोरेटरीचा जिना चढलो. बाहेरची खोली भरलेली होती. आत घुसून सुनेला बाजूला बोलावणं मला जमलं नसतं, म्हणून मीही रांगेत बसलो. शेजारी टेलरमास्तर पुन्हा पेशी तपासायला आलेले. काय झालं विचारत होते, मी मान हलवत होतो. काउंटरमागे ती एका बाईंना मुंगी चावेल म्हणत होती आणि तिचा स्वतःचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता. माझा नंबर आला.

"बाबा? तुम्हाला काय होतंय?"

मी खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "मला काही नाही. तुझ्या तोंडाला चव शेवटची कधी होती?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. तीही हसली. "घरी बोलू ना."

"त्या दिवशीची भाजी आठवते? मी केलेली."

"हो. चांगली झाली होती की."

"त्यात मीठ दोनदा पडलं होतं, बाळ. मला एक घास गिळवला नाही."

टेलरमास्तर म्हणाले, "घ्या, सासऱ्यानंच सुनेला मुंगी चाववली." पण या वेळी कोणी हसलं नाही, कारण तिनं हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली होती आणि ती बोटांवर दिवस मोजत होती. एका हाताची बोटं संपली, तिनं दुसरा हात वर घेतला. मग दंडाला स्वतःच पट्टा बांधला, दाताने ओढून घट्ट केला आणि आत मॅडमना हाक मारली.

जुन्या तापाच्या कार्डावर रेघ लगेच आली. पेशींचा आकडा मॅडमनी मला सांगितला नाही, नुसता फोन उचलून हॉस्पिटलला लावला. मशीन आत कण्हत होतं. जिना उतरताना सुनेनं माझ्या खांद्यावर भार टाकला तेव्हा तो मला वाटला होता त्यापेक्षा फारच कमी होता.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. हिरड्यांतून रक्त आलं, पोटात पाणी साचलं, सलाइनच्या बाटल्या लागत राहिल्या. मुलगा वाटेतून फोन करायचा आणि मला काय सांगावं ते कळायचं नाही. शेवटी आकडा घसरायचा थांबला, एक दिवस तिथंच राहिला, मग थोडा चढला.

जरा बोलायला लागली तेव्हा मी विचारलं, मॅडमना ताप कालपासून आहे असं का सांगितलंस. छताकडे बघत ती म्हणाली, "त्यांनी दोनदा विचारलं हो. मी रांगेकडे बघत होते. आधीचे दिवस मला आठवलेच नाहीत. उभी होते ना तेव्हा, मग ताप कसला?"

मला मास्तरांच्या कार्डावरची रेघ आठवली.

काल मी घरून मऊ भात नेला. मीठ दोनदा चाखून घातलं होतं. तिनं एक चमचा घेतला, तोंडात घोळवला.

"बाबा, यात मीठ आहे का?"

"आहे."

"बरोबर?"

"बरोबर."

त्या खारट भाजीच्या दिवशी तिनं ताट तसंच संपवलं होतं. या वेळी तिनं चमचा खाली ठेवला. "मग चव अजून आलेली नाही," ती म्हणाली. "डॉक्टर राउंडला आले की सांगा त्यांना. मी बरं वाटतंय म्हणायला लागले तरी सांगा."