कापसाआडची सगुणाआजी

सगुणाआजी पावलांवरून माणूस ओळखायची. मोतीबिंदूनं तिचे डोळे गेले होते, पण राळेगावच्या कॉलेजातून मी परतले की शेजारच्या खिडकीतून हाक यायचीच, "काहून वं सुमे, आज चप्पल घासत चालून राह्यली? पेपर बिघडला काय?" आणि पेपर खरोखरच बिघडलेला असायचा.

त्या वर्षी भाव चढेपर्यंत म्हणून तिच्या मुलानं, बंडूकाकानं, सगळा कापूस तिच्याच खोलीत भरला. आधी अर्धी भिंत झाकली, मग खिडकी. मी भीत भीत विचारलं, तर काकू हसल्या. "तिले दिसते काय? खिडकी कायले पायजे?"

कापूस आवाज गिळतो, हे मला तेव्हा कळलं. आजीची हाक यायची, पण जमिनीखालून आल्यासारखी. "सुमे, पाणी दे वं." तरी जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव ती बरोबर घ्यायची. त्या घरात कापूस बोलतो, असं पोरं म्हणू लागली. मग आजीला पाऊल ऐकू जाऊ नये म्हणून मोठी माणसंही तिथून जाताना चपला हातात घेऊ लागली. लिहायला लाज वाटते, पण मीही घेतल्या.

एका दुपारी अशीच अनवाणी जात होते. आत आजी स्वतःशीच बोलत होती, "गाव उठून गेलं काय रे बाप्पा? कोनाचंच पाऊल नाही."

मी तशीच पोलीस पाटलांकडे गेले. ते आले. कापूस बाजूला सारत आम्ही आत शिरलो. ढिगातल्या खळग्यात आजी बसली होती. अंगभर खाजवून लाल झालेले चट्टे. उशाशी कोरडं मडकं.

"आजी, काही तरास हाय काय?" पाटलांनी विचारलं.

"कायचा तरास? मीच म्हटलं, इथंच भर. माहा बंडू लय गुणाचा हाय."

"ऐकलं ना, पाटील?" मागोमाग आत आलेला बंडूकाका म्हणाला. "शिकल्या पोरीले दुसरा धंदा नाही."

पाटील दाराकडे वळले. त्या अंधारात आजीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी म्हटलं, "पाटीलकाका, ही मले सोडून नाही राह्यली."

ते परत फिरले. आधी त्या हाताकडे पाहिलं, मग मडक्याकडे. तिथूनच त्यांनी आजीच्या लेकीला फोन लावला.

संध्याकाळी लेक नेरहून गाडी घेऊन आली. गाडीत बसेपर्यंत आजीनं माझं मनगट सोडलं नाही, आणि पाटलांना मात्र शेवटपर्यंत विनवत राहिली, "माह्या बंडूले काही म्हणू नका."